जिद्द कमी पडली म्हणे!

सैन्यभरतीच्या क्लासवाल्यांचं ठरलेलं भाषण आहे: बुद्धी दुय्यम, जिद्द महत्त्वाची. वर पुरावा काय, तर अमेरिकेचं वेस्ट पॉइंट!

अहो, तो अभ्यास नीट वाचा की. २००४ साली तिथं १२१८ कॅडेट दाखल झाले. अँजेला डकवर्थ यांनी त्यांची चिकाटी एका प्रश्नावलीनं मोजली. पहिल्या उन्हाळ्यातलं खडतर प्रशिक्षण अर्ध्यात सोडून गेले ७१. कोण टिकेल हे प्रवेशाच्या गुणांपेक्षा चिकाटीवरून बरं ओळखता आलं, हे खरंच. पण ९४ टक्के पोरं टिकलीच ना? आणि ती सगळी अभ्यास, मैदान, शिफारस अशा चाळण्यांतून आधीच पार पडलेली. चाळून घेतलेल्या पोरांत बुद्धीचा फरक कितीसा दिसणार!

पुढं २०१९ मध्ये त्याच बाईंनी सहकाऱ्यांसोबत ११,२५८ कॅडेटांचा अभ्यास छापला. प्रशिक्षण आणि चार वर्षं पूर्ण करण्यात चिकाटी आणि शरीर कामी आलं. पण अभ्यासातले आणि लष्करी कामगिरीचे गुण? तिथं बुद्धिमत्ताच पुढं. हा अर्धा भाग भाषणात कधी येत नाही.

आपल्याकडं अधिकारी निवडणारं एसएसबी पाच दिवस घेतं आणि १५ गुण तपासतं. त्यात व्यवहारी बुद्धी आहे, सहकार्य आहे, जबाबदारीची जाणीव आहे. एकट्या जिद्दीवर तिथंही कुणी कुणाला घेत नाही.

एवढं चिडायचं कारण सांगतो. माझा भाचा पहाटे चारला उठून डांबरी रस्त्यावर धावतो. धावण्यात त्याच्या क्लासमध्ये पहिला. पण २०२३ पासून अग्निवीरांची लेखी परीक्षा आधी, मैदान नंतर. तो दोनदा लेखीतच अडकला, गणितात. क्लासनं (नाव घेत नाही) फी पूर्ण घेतली, वर्षभर पळवलं, गणिताला मात्र धड मास्तर नाही. निकालानंतर सर म्हणाले, "तुझी जिद्द कमी पडली." आणि पोरानं ते खरं मानलं! आता घरात कुणाशी बोलत नाही.

शिकवलं नाही यांनी, आणि खोट काढायची पोराच्या स्वभावात. वा रे वा!

पालकांनो, फी भरण्याआधी तीनच गोष्टी लेखी मागा. गेल्या वर्षी किती पोरं घेतली, त्यातली किती लागली, आणि गणित कोण शिकवतं.