बुरशीचा हंगाम

श्रावण लागला की बदलापुरातल्या आमच्या घरी पश्चिमेच्या भिंतीवर काळसर-हिरवी नक्षी उमटू लागते. कातडी चपला, ट्रंका, पुस्तकांच्या पाठी, कशालाच ती सोडीत नाही. आमच्या अण्णांना दमा. शेजारीपाजारी पावसाला दोष देतात. पण अण्णांच्या रात्री बसून जातात त्या बहुधा पाऊस सरल्यावर, ऐन आश्विनात. दम्याला कारणे अनेक, पण त्यांतले एक या नक्षीत दडलेले आहे.

बुरशी पसरते ती बीजाणूंनी. एका मिलिमीटरचे शंभर भाग करा. त्यातल्या एका भागात काही जातींचे तीन-तीन बीजाणू ओळीने मावतील! श्वासाबरोबर ते सहज आत जातात.

यांत दोन स्वभाव. एक ओला. ओल मिळताच या जाती पिचकारी मारल्यासारखे बीजाणू उडवितात, तेही सर पडून गेल्यावर, रात्री नि पहाटे. दिवसरात्र हवा ओढून चिकट काचपट्टीवर टिपणारे यंत्र इंग्लंडात हर्स्ट यांनी 1952 साली प्रसिद्ध केले, तेव्हा या रात्रीच्या वर्दळीचा नीट पत्ता लागला.

दुसरा स्वभाव कोरडा. क्लॅडोस्पोरियम आणि आल्टर्नेरिया (नावे राक्षसांची वाटतात, नाही?) वाळत्या पानांवर वाढतात. मुसळधार सरी त्यांचे बीजाणू हवेतून धुऊन काढतात. पण ऊन तापून वारा सुटला की भर दुपारी ते उधळतात. आल्टर्नेरिया तर दम्याला चिथावणारी म्हणून नामांकित आहे. आता आमच्यासारखी उपनगरे पाहा: चाळीमागे गवत, गवतापलीकडे भात. पावसाने पोसलेले हे सारे वाळते नेमके ऑक्टोबरच्या उन्हात. घरातली भिंतही तेव्हाच सुकते.

आणि त्याच मुहूर्तावर आपण दिवाळीची झाडलोट काढतो! कोरड्या केरसुणीने ती नक्षी खरवडली की महिनाभर भिंतीला चिकटून असलेला माल खोलीभर होतो. त्यापेक्षा नाका-तोंडावर फडके बांधून साबणाच्या पाण्यात पिळलेल्या बोळ्याने भिंत पुसावी, मग कोरडी होऊ द्यावी. मात्र ओल जिथून झिरपते ती भेग बुजविली नाही, तर वरचा रंग म्हणजे नुसती पावडर-लाली. डॉक्टरांचे औषध चालूच ठेवावे, हे सांगायला नकोच.

अण्णांची रवानगी त्या दिवशी ठाण्याला आत्याकडे होते. तिच्याकडे चकल्या आधी तळल्या जातात, त्यामुळे त्यांची तक्रार नसते.