लहान विमानांसाठी स्वस्त बिनतारी ग्राहक

३० जून १९५६ रोजी अमेरिकेतील ग्रँड कॅन्यन या विशाल दरीवर दोन प्रवासी विमानांची टक्कर झाली आणि १२८ माणसे मृत्युमुखी पडली. त्या मोकळ्या आकाशात ‘पाहा आणि टाळा’ हाच वैमानिकांचा आधार होता. पुढे मोठ्या विमानांसाठी रडारची व नियंत्रणाची व्यवस्था वाढत गेली. दोन-चार माणसांच्या लहान विमानांना मात्र कित्येक दशके मुख्यतः डोळ्यांवरच विसंबावे लागले. सुरक्षिततेची साधने महाग होती, आणि ज्याला ती परवडत नव्हती त्याने धोका पत्करावा, असा हा अलिखित नियम होता. तो मोडणे आज शक्य झाले आहे. म्हणून या विषयाची चर्चा करणे अगत्याचे वाटते.

१ जानेवारी २०२० पासून अमेरिकेच्या बहुतेक नियंत्रित आकाशात विमानाने आपले स्थान स्वतः घोषित करणे सक्तीचे आहे. विमान उपग्रहांच्या साहाय्याने आपले स्थान जाणते आणि ते, उंची व वेग यांसह, सुमारे दर सेकंदाला बिनतारी संदेशाने प्रसृत करते. यासाठी १०९० मेगाहर्ट्‌झ ही कंप्रता वापरतात. १८,००० फुटांखाली ९७८ मेगाहर्ट्‌झही चालते. या दुसऱ्या कंप्रतेवर जमिनीवरील केंद्रे पावसाचे रडार-नकाशे, विमानतळांवरील हवामान, अंदाज आणि वरच्या थरांतील वारे यांची माहिती विनामूल्य देतात. ही एक प्रकारची दवंडीच होय. ऐकणाऱ्याजवळ फक्त कान हवेत.

असा कान तयार करणे आता अवघड राहिलेले नाही. दूरचित्रवाणीच्या ग्राहकासाठी बनविलेली एक स्वस्त चकती अन्य बिनतारी संदेशही ग्रहण करू शकते, हे २०१२ च्या सुमारास सर्वत्र माहीत झाले. त्याच वर्षी मुलांना संगणकविद्या शिकविता यावी या हेतूने ब्रिटनमध्ये तयार झालेला ‘रास्पबेरी पाय’ हा तळहाताएवढा संगणक विक्रीस आला. २०१५ साली हौशी मंडळींनी या दोहोंची सांगड घालून ‘स्ट्रॅटक्स’ नावाचा ग्राहक सिद्ध केला व त्याची रचना सर्वांस खुली केली. दोन कंप्रतांसाठी दोन ग्राहक, एक उपग्रह-ग्राहक आणि सात-आठ सेंटिमीटरांच्या एरियली, एवढेच त्याचे मुख्य भाग. तरंगाची लांबी सुमारे तीस सेंटिमीटर असल्याने तिच्या चतुर्थांशाएवढी एरियल पुरते. मिळालेली माहिती वैमानिकाच्या मांडीवरील पडद्यावर बिनतारी मार्गानेच जाते.

‘स्वस्त यंत्रावर प्राण कसे सोपवावे?’ असा आक्षेप घेतला जातो, आणि तो विचारार्ह आहे. परंतु खरा धोका यंत्राच्या किमतीत नसून त्याला जे ऐकू येत नाही त्यात आहे. हे संदेश सरळ रेषेत जातात. डोंगर आड आला की ते पोहोचत नाहीत. ज्या विमानाजवळ प्रेषक नाही ते स्वतःची घोषणा करीत नाही. रडारला दिसलेल्या अशा विमानांची माहिती भूकेंद्रे पुरवितात खरी, पण ती स्वतः घोषणा करणाऱ्या विमानासाठीच. त्याच्याभोवती १५ सागरी मैल आणि वर-खाली ३,५०० फूट एवढ्याच क्षेत्रातील. नुसता ग्राहक बाळगणाऱ्याला म्हणून चित्र अपुरे मिळते. रडार-नकाशावर दर्शविलेल्या वेळेपेक्षा प्रत्यक्ष माहिती १५ ते २० मिनिटे अधिक जुनी असू शकते, असा इशारा अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ साली दिला होता. तेवढ्या अवधीत वादळी ढग कोठल्या कोठे जातो.

या मर्यादा महागड्या ग्राहकालाही चुकलेल्या नाहीत. १३ मे २०१९ रोजी अलास्कातील केचिकनजवळ पर्यटकांच्या दोन जलविमानांची टक्कर होऊन सहा माणसे दगावली. दोन्ही विमानांत आसपासची वाहतूक दाखविणारी साधने होती. तरी कोणत्याही वैमानिकाला इशारा मिळाला नाही. ‘पाहा आणि टाळा’ या पद्धतीचा अपुरेपणा आणि इशाऱ्याचा अभाव, ही दोन्ही कारणे चौकशीत नमूद झाली.

यावरून माझे मत असे की, स्वस्त ग्राहकाचे स्वागत करावे, पण त्याला पहारेकरी न मानता साहाय्यक मानावे. बनविणाऱ्याने माहितीचे वय पडद्यावर ठळकपणे दाखवावे आणि रिकामा पडदा म्हणजे रिकामे आकाश नव्हे, हे स्पष्ट लिहावे. वैमानिकाने खिडकीबाहेर पाहणे सोडू नये. आणि शासनाने विसरू नये की, ९७८ मेगाहर्ट्‌झवरील ही हवामानसेवा अमेरिकेची आहे. ग्राहकाची नक्कल अन्यत्र केल्याने ती सेवा तेथे उपलब्ध होत नाही. प्राणरक्षणाची माहिती सार्वजनिक खर्चाने प्रसृत व्हावी आणि तिची संदेशपद्धती सर्वांस खुली असावी. एवढे झाले, तर ग्राहक एखाद्या शाळेच्या प्रयोगशाळेतही बनू शकेल.