एप्रिलमधली सावली

16 एप्रिल 2023 ला खारघरच्या उघड्या मैदानातल्या पुरस्कार सोहळ्यात उष्माघाताने 14 जणांचा जीव गेला. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडने ‘आमच्याकडे जंगल आहे’ म्हणून निर्धास्त राहू नये. या जंगलातल्या सागाची पाने उन्हाळ्याआधीच गळतात. ऐन एप्रिलमध्ये सावली धरतात ते आंबा, जांभूळ, करंज. रस्ता रुंद करताना कुऱ्हाड पडते तीही यांच्यावरच. भातसा-तानसाचे पाणी मुंबईला जाते आणि धरणाकाठच्या पाड्यांवर टँकर येतो, हे तर जुनेच दुखणे. तीन हंडे डोक्यावर घेतलेल्या बाईने टेकायचे कुठे? वीटभट्टीवरच्या कातकरी मजुराला खालून धग, वरून ऊन. पाणवठा, एसटी थांबा, भट्टी इथे करंज लावायचे काम वनखात्यापुरते न ठेवता आरोग्य खात्यानेही अंगावर घ्यावे, येत्या पावसाळ्यातच.