सुट्टी कोणाची, कादंबरी कोणाची?

मे महिना आला की सुट्टीत काय वाचावे याच्या याद्या छापून येतात. दिवाळीत अंकांचे गठ्ठे घरी येतात. पण ही सुट्टी असते कोणाची? आपल्या खानदेशात उन्हाळा म्हणजे बिबडे, पापड, कुरडया, शेवया, वर्षाचे धान्य निवडून भरणे, पाहुणे आणि दिवसभर घरात असलेली मुले. शाळेला सुट्टी लागली की शिक्षिकेचेही घरकाम दुप्पट होते.

अशा घरातल्या ज्या बाईला कादंबरी लिहायची आहे, तिच्यापुढे कोडे पडते. हाती लागलेल्या तासाभरात वाचू की लिहू? वाचले नाही तर लेखन खुंटते, वाचत बसले तर लिहायचे राहते. मग सल्ले मिळतात : पहाटे लवकर ऊठ, वेळेचे नियोजन कर. माझ्या मते हा प्रश्न नियोजनाचा नाही, कामाच्या वाटणीचा आहे. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रीची त्यात रोज सरासरी 299 मिनिटे जातात, पुरुषाची 97. आणि मुळात असे काम करणारे पुरुष शंभरात सव्वीसच!

वाचन तुकड्या-तुकड्यांनी होते. कुकरची शिट्टी झाली की पान दुमडून उठता येते. ओवी काम करतानाही मनात घोळवता येते. कादंबरीचे तसे नाही. काल पात्रांना कुठे सोडले होते हे आठवण्यातच पहिला अर्धा तास जातो. तिला सलग वेळ लागतो, आणि नेमका तोच बाईजवळ नसतो.

यावर बहिणाबाईंचे उदाहरण हमखास दिले जाते. जात्यावर, शेतात राबताना तिने गाणी रचलीच ना! पण अक्षरओळख नसलेल्या बहिणाबाईची गाणी मुलाने, सोपानदेवांनी, आणि मावसभावाने टिपून ठेवली म्हणून वाचली. 1951 साली ती गेली, संग्रह निघाला 1952 साली. 2018 मध्ये जळगावच्या विद्यापीठाला तिचे नाव दिले, हे योग्यच झाले. पण तिच्या कष्टांचे कौतुक हे आजच्या बाईला वेळ नाकारण्याचे निमित्त होऊ नये.

अमळनेरला शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. तुरुंगात हाल होते, पण तिथे त्यांना सलग लिहिता आले. त्या पुस्तकातल्या आईला घरात तेवढीही सवड नव्हती. बेबी कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ दुकान सांभाळत, घरच्यांपासून लपवून लिहिले. ते कागद कित्येक वर्षे दडवून ठेवावे लागले. लिहिणे ही बाईने चोरून करायची गोष्ट का असावी?

आपल्याकडे आखाजीला सासुरवाशीण माहेरी येते, झोक्यावर बसते. बाईला विसावा हवा हे परंपरेनेही मानले आहे. मात्र त्या दिवसांत माहेरची वहिनी चुलीपुढेच असते. एकीची सुट्टी दुसरीच्या पाठीवर, ही वाटणी आपल्याला नको. काम पुरुषांकडेही गेले पाहिजे.

म्हणून मैत्रिणींनो, दोन गोष्टी सुचवते. वाचन एकत्र करू या. पापड लाटताना एकीने मोठ्याने वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे. आणि मिळेल तो सलग वेळ लेखनासाठी राखू या. सुट्टीत आपल्या मंडळांनी लिहिणाऱ्या बायकांसाठी आठ दिवसांचे शिबिर घ्यावे. तिथे पाळणाघर असावे, स्वयंपाकाला मंडळातल्या कार्यकर्त्यांचे नवरे, भाऊ, मुलगे असावेत. नाहीतर शिबिरातही भाकरी थापायला आपणच उभ्या राहू, आणि कादंबरी पुढच्या सुट्टीवर जाईल.