दोन तारे आणि एक घोरपड

मंडळी, आज एक कबुली द्यायची आहे.

मागच्या हिवाळ्यात हापिसातली आम्ही आठ टाळकी एका टूरवाल्याबरोबर सिंहगडावर गेलो होतो. मिनीबस, नाश्ता, गडावर पिठलं-भाकरी आणि सोबत माहितगार गाईड. पुणेकराला सिंहगडावर जायला टूरवाला कशाला लागतो, हा प्रश्न रास्त आहे, पण टीममधले तिघे बंगलोरहून आले होते. असो.

गाईड म्हणजे साठीचे एक काका. हातात पिशवीत जपून ठेवलेले झेरॉक्स कागद. आम्ही कड्याजवळ जमलो. मी घोरपडीची वाट बघतोय, आणि काका म्हणाले, "घोरपड शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यात आहे, सभासद बखरीत नाही. आणि तानाजी पडले म्हणून कोंढाण्याचा सिंहगड झाला, असं आपण सांगतो. लढाई १६७० ची. महाराजांच्या १६६३ च्या पत्रात सिंहगड हे नाव आधीच आलंय."

झालं! हरिभाऊ आपट्यांची 'गड आला पण सिंह गेला' मी सातवीत असताना दोनदा वाचलेली. बंगलोरवाल्यांसमोर मी बसमध्ये घोरपडीसकट सगळी गोष्ट रंगवून सांगितली होती. माझा पचका झाला तो वेगळाच.

परतताना फोनवर विचारणा आली, टूर कशी वाटली? मी दोन तारे दिले आणि लिहिलं, "बस छान, पिठलं झकास, गाईडला इतिहास माहीत नाही."

महिन्याभराने आई-बाबांसाठी बुकिंग करायला फोन केला. तोवर मी थोडं वाचलं होतं. पत्राची गोष्ट खरी निघाली. म्हटलं, तेच काका द्या. पलीकडून उत्तर आलं, "त्यांना आता बोलवत नाही साहेब. रेटिंग खाली आलं. लोकांना गोष्ट लागते."

त्यात माझेही दोन तारे होते.

हापिसात टेस्टर बग टाकतो तेव्हा तीन गोष्टी लिहितो. काय केलं, काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं. कधीकधी प्रोग्राम बरोबर असतो आणि 'काय व्हायला हवं होतं' हेच चुकलेलं असतं. तसा बग आपण हसून बंद करतो. माझा बग मात्र कुणी तपासलाच नाही, थेट एका माणसाच्या रोजगारावर जाऊन आदळला.

मग सामान्य ग्राहकाने मत देऊच नये का? असं मी अजिबात म्हणत नाहीये. बस किती उशिरा आली, बायकांसाठी धड स्वच्छतागृह होतं का, भाकरी गरम होती का, यावर पैसे मोजणाऱ्याइतका मोठा तज्ज्ञ कोणी नाही. कादंबरी वाचताना झोप आली तर तेही खुशाल सांगावं. तिथे आपलं मत हाच पुरावा. पण "हे असं घडलंच नाही" म्हणायचं असेल तर आवडीनिवडीवर भागत नाही, तपासावं लागतं.

आणि तपासायला इतिहासाचार्य असावं लागत नाही हो. तानाजींची लढाई माघ वद्य नवमीची, ४ फेब्रुवारी १६७०. वद्य नवमीला चंद्र मध्यरात्रीनंतर उगवतो. एखाद्या लेखकाने त्या दिवशी संध्याकाळीच गडावर चांदणं पसरवलं, तर भिंतीवरचं कालनिर्णय बघणाऱ्या आजीसुद्धा त्याला धरू शकतात. असं एक मत मला शंभर 'अंगावर काटा आला'पेक्षा मोलाचं वाटतं.

गोची अशी की पिठलं आणि पत्र, दोन्हींसाठी तारे एकच. पाच ताऱ्यांच्या त्या सरासरीत गरम भाकरी खोट्या गोष्टीला तारून नेते आणि खरं बोलणारा माणूस बेचव ठरतो. टूरवालाही काय करणार? तो आकडा बघतो. उद्या सगळेच गाईड घोरपड सांगतील, कारण घोरपडीला पाच तारे मिळतात. आपण ज्या गोष्टीला मत देतो तीच शेवटी शिल्लक राहते.

हरिभाऊंवर माझा राग नाही. ती कादंबरी आहे, आजही वाचली तर मी रात्रभर जागेन. चूक माझी, मी कादंबरी मोजपट्टी म्हणून वापरली.

मी तारे बदलले, चुकलो असं लिहिलं, टूरवाल्याला परत फोनही केला. "बघू साहेब," म्हणाला. आई-बाबांचं बुकिंग अजून केलेलं नाही. काका येणार असतील तर करणार आहे.

तेवढं तुम्हीही करा. पुढच्या वेळी तारे देताना अंगठा जरा थांबवा आणि स्वतःला विचारा, मला आवडलं नाही, की ते चूक होतं? दोन्ही सांगा, पण वेगवेगळं सांगा.