सोमालियातल्या अमनचा पगार कोण भरतो?

मोगादिशूच्या विमानतळाबाहेर वाळूच्या पोत्यांमागे युगांडाचा एक सैनिक उभा असतो. देश त्याचा नाही, पहारा सोमालियाचा. त्याच्या गणवेशावर आफ्रिकन युनियनचा बिल्ला असतो. त्याचा महिन्याचा भत्ता मात्र वर्षानुवर्षे ब्रुसेल्सहून येत आला आहे. युगांडा, सोमालिया किंवा आफ्रिकन युनियन यांपैकी कुणीही तो आपल्या खिशातून देत नव्हते. तो भार युरोपीय संघाने उचलला होता. अशा मोहिमेच्या बातमीत आपण मेलेल्यांचा आकडा वाचतो आणि पुढे सरकतो. आम्हाला मात्र वाटते की भत्त्याचा आकडाही वाचायला हवा. बरेच काही त्यात दडलेले आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. २००६ मध्ये सुमारे सहा महिने मोगादिशू इस्लामी न्यायालयांच्या संघटनेच्या ताब्यात होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या पाठबळावर इथियोपियाचे सैन्य आत घुसले आणि ती राजवट मोडली. त्या पडझडीतून तिची सर्वांत कडवी शाखा, अल-शबाब, मोठी झाली. जानेवारी २००७ मध्ये आफ्रिकन युनियनने 'अमिसोम' ही मोहीम जाहीर केली. फेब्रुवारीत संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने मंजुरी दिली आणि मार्चमध्ये युगांडाचे पहिले सैनिक उतरले. मुदत होती सहा महिन्यांची. आज अठरा वर्षे उलटून गेली. मोहिमेचे नाव दोनदा बदलले, २०२२ मध्ये 'एटमिस' आणि २०२५ पासून 'ऑसोम'. काम तेच राहिले.

आता पैशाचे बघू. युगांडा, बुरुंडी, केनिया, इथियोपिया, जिबूती या देशांनी माणसे दिली. एकेकाळी त्यांची संख्या बावीस हजारांच्या पुढे होती. दर सैनिकामागे महिना १,०२८ डॉलर युरोपीय संघ देत असे. ती रक्कम आधी आफ्रिकन युनियनकडे, तिथून सैनिकाच्या देशाच्या सरकारकडे आणि मग सैनिकाकडे जायची. वाटेत सरकारे साधारण दोनशे डॉलर कापून घेत. जेवण, इंधन आणि जखमींना हलवणे यांची सोय संयुक्त राष्ट्रांच्या सदस्य देशांच्या वर्गणीतून होत होती, आणि त्या वर्गणीत भारताचाही वाटा असतो. प्रशिक्षण आणि काही हत्यारे अमेरिका, ब्रिटन यांच्याकडून. थोडक्यात, पीठ एका घरचे, डाळ दुसऱ्या घरची, आणि स्वयंपाक करणाऱ्याचा पगार तिसऱ्याच्या मर्जीवर.

२०१६ च्या सुरुवातीला युरोपीय संघाने हा भत्ता वीस टक्क्यांनी कमी केला. आफ्रिकेतल्या इतर संकटांनाही पैसा लागतो, असे कारण दिले गेले. समोरची लढाई वीस टक्क्यांनी कमी झालेली नव्हती. त्याच जानेवारीत एल अद्दे इथल्या केनियाच्या तळावर अल-शबाबने हल्ला केला. किती जवान मेले, याचा पूर्ण आकडा केनियाच्या सरकारने आपल्या जनतेला आजतागायत सांगितलेला नाही.

आपल्या राज्यातल्या टप्पा अनुदानावरच्या शिक्षकांना हे फार समजावून सांगावे लागणार नाही. काम शंभर टक्के, पगार वीस टक्के, चाळीस टक्के, आणि पुढचा टप्पा कधी मिळेल हे वर्गात उभ्या असलेल्या माणसाच्या हातात नाही. फरक एवढाच की आपल्या वर्गावर रात्री स्फोटकांनी भरलेला ट्रक येत नाही.

बुरुंडीच्या जवानांचे तर याहून वाईट झाले. त्यांच्या राष्ट्राध्यक्षांनी घटना वाकवून तिसऱ्यांदा खुर्ची धरली, विरोधकांवर गोळ्या चालल्या. युरोपीय संघाने २०१६ मध्ये बुरुंडी सरकारला थेट पैसा देणे थांबवले. तत्त्व म्हणून बरोबरच. पण सोमालियात उभ्या असलेल्या पाच हजारांहून अधिक बुरुंडी जवानांचा भत्ता त्याच सरकारी खात्यातून जात होता. तो महिनोन्महिने अडकला. जानेवारी २०१७ मध्ये बुरुंडीने सैन्य परत बोलावण्याची धमकी दिली. मग पैसा खासगी बँकेमार्फत थेट जवानांना देण्याचा तोडगा निघाला. हे आधी सुचायला काय हरकत होती, असा प्रश्न आम्हाला पडतो. गुन्हा राष्ट्राध्यक्षाचा होता आणि उपाशी राहिला तो चौकीवरचा शिपाई.

२०२१ मध्ये युरोपने ही व्यवस्थाच बदलली. तोपर्यंत पैसा मुख्यतः विकास निधीतून यायचा, म्हणजे शाळा-दवाखान्यांच्या खात्यातून, आणि त्यातून हत्यार किंवा दारूगोळा घेता येत नसे. युरोपीय संघाच्या करारात तरतूद आहे की लष्करी कारवाईचा खर्च संघाच्या सामाईक अर्थसंकल्पात टाकायचा नाही. म्हणून मार्च २०२१ मध्ये अर्थसंकल्पाबाहेर एक वेगळा गल्ला काढला आणि त्याला नाव दिले 'युरोपियन पीस फॅसिलिटी'. प्रत्येक सदस्य देश आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रमाणात त्यात पैसे टाकतो. २०२१ ते २०२७ या सात वर्षांसाठी मर्यादा ठरली सुमारे ५.७ अब्ज युरो. आता या पैशातून मित्रदेशांना बंदुकाही देता येतात. नाव शांततेचे आणि यादीत काडतुसे, यावर युरोपातच बरीच टीका झाली.

गल्ला काढताना डोळ्यांसमोर मुख्यतः आफ्रिका होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि चार दिवसांत याच निधीतून युक्रेनला ५० कोटी युरोची लष्करी मदत जाहीर झाली. पुढे मर्यादा वाढवत वाढवत मार्च २०२४ पर्यंत १७ अब्ज युरोच्या पुढे गेली. तिकडे सोमालियातल्या आफ्रिकन मोहिमेसाठी याच निधीतून २०२२ मध्ये १२ कोटी युरो मंजूर झाले होते, २०२३ मध्ये साडेआठ कोटी.

युक्रेनला का दिले, असे आम्ही म्हणत नाही. ज्याच्या घरावर रणगाडा चालून आला त्याला मदत मिळालीच पाहिजे. मात्र इच्छा असेल तर पैसा किती लवकर उभा राहतो, हे एकदा दिसल्यावर 'तिजोरी रिकामी आहे' हे उत्तर मोगादिशूत कोण मान्य करेल?

युरोपची स्वतःचीही अडचण आहे, ती सांगायला हवी. माली देशाच्या सैन्याला युरोपीय अधिकाऱ्यांनी २०१३ पासून प्रशिक्षण दिले. २०२० आणि २०२१ मध्ये त्याच सैन्याने दोनदा सत्ता उलथवली. नायजरला जून २०२३ मध्ये या निधीतून हत्यारी सामग्री मंजूर झाली आणि जुलैत तिथल्या सैन्याने राष्ट्राध्यक्षांनाच कैद केले. मदत थांबवावी लागली. मोझांबिकच्या काबो देलगादो या मुस्लिमबहुल प्रांतात बंडखोरांशी लढणाऱ्या रवांडाच्या तुकड्यांना युरोपने दोनदा वीस-वीस कोटी नव्हे, दोन-दोन कोटी युरो दिले (शून्याचा घोळ अशा बातम्यांत फार होतो, म्हणून मुद्दाम सांगितले). तेच रवांडा शेजारच्या काँगोत एम-२३ बंडखोरांच्या पाठीशी उभे असल्याचे संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञ सांगतात. काबो देलगादोत फ्रेंच कंपनीचा मोठा गॅस प्रकल्प आहे. युरोपचे तिथले लक्ष फक्त तेवढ्यासाठीच आहे, असे म्हणणे घाईचे ठरेल. तो प्रकल्प नसता तर एवढे लक्ष गेले असते, असेही आम्हाला वाटत नाही.

आपला या सगळ्याशी संबंध काय? रत्नागिरी, रायगडच्या खाडीपट्ट्यातल्या आपल्या लोकांना विचारा. ज्यांचे भाऊ, चुलते, जावई जहाजावर आहेत, त्या घरांत 'सोमालिया' म्हटले की चाचे आठवतात. २००८ ते २०१२ या काळात एडनच्या आखाताकडे जहाज निघाले की घरी दुआ सुरू व्हायची. युरोपची 'अटलांटा' ही नौदल मोहीम डिसेंबर २००८ पासून त्या पाण्यात आहे आणि तिचा सामाईक खर्च आता याच निधीतून जातो. डिसेंबर २०२३ मध्ये चाच्यांनी 'रुएन' हे जहाज पळवले. मार्च २०२४ मध्ये भारतीय नौदलाने चाळीस तासांच्या कारवाईत सतरा खलाशांना सोडवले आणि पस्तीस चाचे मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिले. समुद्रावर आपले नौदल उत्तम काम करते. पण चाचा तयार होतो जमिनीवर, जिथे सरकार पोचत नाही आणि मासेमारी परदेशी ट्रॉलर ओरबाडून नेतात.

आपल्यात या विषयावर दोन टोकांची बोलणी ऐकू येतात. जुम्म्यानंतर चहाच्या टपरीवर एक जण म्हणतो, हे सगळे मुस्लिम मुल्कांना दाबण्याचे षड्यंत्र आहे. दुसरा म्हणतो, बाहेरचे सैन्य नसते तर तिथे काहीच उरले नसते. पहिल्याने १४ ऑक्टोबर २०१७ आठवावा. मोगादिशूतल्या एका चौकात ट्रकचा स्फोट झाला आणि ५८७ माणसे मेली. जवळपास सगळी मुसलमान. हे पाप अल-शबाबचे आहे, ब्रुसेल्सचे नाही. आणि ऑगस्ट २०११ मध्ये अल-शबाबला राजधानीतून मागे हटावे लागले, त्यात युगांडा आणि बुरुंडीच्या शेकडो जवानांचे रक्त आहे. मे २०२३ मध्ये बुलो मारेरच्या तळावर एका पहाटे युगांडाचे ५४ सैनिक मारले गेले, हे त्यांच्या राष्ट्राध्यक्षांनीच सांगितले.

दुसऱ्यानेही गोलवेनचे नाव ऐकावे. ऑगस्ट २०२१ मध्ये या गावाजवळ युगांडाच्या सैनिकांनी सात साध्या नागरिकांना ठार केले. आधी ते अतिरेकी असल्याचे सांगितले गेले. लोक रस्त्यावर उतरले, चौकशी झाली आणि लष्करी न्यायालयाने दोघांना फाशीची, तिघांना ३९ वर्षांची शिक्षा सुनावली. असा निकाल लागला, ही चांगली गोष्ट. पण तो क्वचित लागतो. युगांडाचे सैन्य युगांडाला जबाबदार, पैशाचा हिशेब ब्रुसेल्सला, अहवाल न्यूयॉर्कला. ज्याचा मुलगा शेतात मारला गेला त्या सोमाली बापाने दाद मागायची ती कुणाकडे? या साऱ्या व्यवस्थेत आम्हाला सर्वांत मोठे भगदाड दिसते ते इथे. पगार देणारा बदलला तरी ते बुजत नाही.

आणि मुस्लिम देश? तुर्कस्तानने २०१७ मध्ये मोगादिशूत मोठा लष्करी तळ उघडून सोमाली जवान घडवायला घेतले. संयुक्त अरब अमिरातीही हेच करत होती. एप्रिल २०१८ मध्ये मोगादिशू विमानतळावर अमिरातीच्या विमानातून ९६ लाख डॉलरची रोकड जप्त झाली. पगारासाठी आणली, असे अमिरातीचे म्हणणे. वाद पेटला आणि त्यांनी प्रशिक्षण गुंडाळले. युरोपच्या निधीवर हजार आक्षेप घेता येतात, तरी त्याचा ठराव छापील असतो आणि रक्कम जाहीर असते. थैलीतून आलेल्या नोटांचा हिशेब सोमाली जनतेने मागायचा तरी कसा? खाडीतले श्रीमंत देश एकत्र येऊन, लेखी नियमांनी, सामाईक गल्ला का काढत नाहीत, हा प्रश्न आपल्या उर्दू वर्तमानपत्रांतही क्वचितच दिसतो.

यातून मार्ग निघेल असे एकदा वाटले होते. डिसेंबर २०२३ मध्ये सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक २७१९ एकमताने मंजूर केला. आफ्रिकन युनियनच्या शांतता मोहिमांचा ७५ टक्क्यांपर्यंत खर्च संयुक्त राष्ट्रांच्या नियमित वर्गणीतून करता येईल, असे त्यात ठरले. म्हणजे खैरात नव्हे, ठरलेला हप्ता. निळ्या टोप्यांच्या मोहिमांत भारतासारख्या देशांना दर जवानामागे महिना १,४०० डॉलरहून थोडे अधिक मिळतात ते असेच, सगळ्यांच्या वर्गणीतून. ही सोय पहिल्यांदा सोमालियात लागू होईल, अशी आशा होती. एका वर्षानंतर, डिसेंबर २०२४ मध्ये, नव्या 'ऑसोम' मोहिमेला मंजुरी मिळाली तेव्हा चौदा देशांनी बाजूने मत दिले आणि अमेरिका तटस्थ राहिली. पैशाचा निर्णय मे २०२५ वर ढकलला. मे आला, निर्णय झाला नाही. अमेरिकेला सोमालिया ही या सोयीची योग्य जागा वाटत नाही.

त्यामुळे ऑसोमचे सुमारे बारा हजार जवान आणि पोलीस कागदावर मंजूर आहेत, पण त्यांच्या खर्चाची हमी नाही. जुन्या मोहिमेची देणीसुद्धा फिटलेली नाहीत. बुरुंडी बाहेर पडला. त्याच्या जागी इजिप्त येऊ घातला आहे. नाईल नदीच्या धरणावरून ज्या इथियोपियाशी त्याचे वैर आहे, त्याचे सैन्य आधीच सोमालियात आहे. मोहीम २०२९ च्या अखेरीस संपवायची आणि सुरक्षा सोमाली सैन्याच्या हाती द्यायची, असे ठरले आहे. सोमालिया सरकारचा वर्षाचा अर्थसंकल्प साधारण एक अब्ज डॉलरचा आहे आणि त्यातला मोठा हिस्सा परदेशी अनुदानाचाच असतो.