दुर्बीण आपल्या दारात, संशोधक कुठे?

पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळच्या खोडद परिसरात जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभी आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या आहेत. २९ जून २०२३ रोजी अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी विश्वात अतिशय मंद गुरुत्वीय लहरी सतत वाहत असल्याचे पुरावे जाहीर केले. त्यात खोडदच्या नोंदींचाही वाटा होता. ही बातमी किती घरांत पोहोचली?

हे कळले कसे, तेही समजून घेतले पाहिजे. मोठा तारा मरतो तेव्हा त्याचा घट्ट गाभा उरतो. असे काही गाभे सेकंदाला शेकडो गिरक्या घेतात आणि दीपगृहाच्या झोताप्रमाणे त्यांच्या रेडिओ लहरी ठरावीक वेळाने पृथ्वीवर येतात. हे स्पंदक तारे म्हणजे निसर्गाची अचूक घड्याळेच! गुरुत्वीय लहर आली की अवकाश किंचित ताणले जाते आणि घड्याळाचा ठोका सेकंदाच्या दशलक्षांशाहूनही कमी फरकाने मागेपुढे होतो. अनेक ताऱ्यांची वर्षानुवर्षे नोंद ठेवली, तेव्हा या फरकात एक समान सूत्र दिसले. एकमेकांभोवती फिरणारी महाकाय कृष्णविवरे त्यामागे असावीत, असा अंदाज आहे. तो तपासणे सुरूच आहे.

पहिला स्पंदक १९६७ साली केंब्रिजमध्ये जोसेलिन बेल या विद्यार्थिनीला सापडला. १९७४ चे नोबेल मात्र तिच्या मार्गदर्शकांना मिळाले, तिला नाही. २०१८ साली त्यांना ३० लाख डॉलरचा पुरस्कार मिळाला. ती सारी रक्कम त्यांनी भौतिकशास्त्राच्या संशोधनात ज्यांना जागा मिळत नाही, अशा घटकांच्या शिष्यवृत्तीसाठी देऊन टाकली. डावलले जाणे काय असते, हे जाणणाऱ्या बाईने केलेले हे काम आहे.

आता हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होणार आहे. २०२३ साली केंद्राने त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. या वेधशाळेत आमची मुले फाटकावर पहारा देणार, की आत संशोधन करणार? मराठवाड्यातल्या शाळेत प्रयोगशाळा नसेल, विज्ञानाचा शिक्षक नसेल, शिष्यवृत्ती वर्ष संपल्यावर हाती पडत असेल, तर उत्तर आधीच ठरलेले आहे. ते बदलायचे असेल तर शासनाला जाब विचारला पाहिजे आणि आपल्या मुलामुलींना गणित-विज्ञानाकडे वळवले पाहिजे. आकाश कुणाच्या मालकीचे नाही. ते वाचण्याची विद्याही कुणाची मक्तेदारी होता कामा नये!